खोड्यापासून सासरापर्यंत: ‘आत’ जाण्याच्या शब्दांची कुळकथा

‘सध्या तो आत आहे’ एवढं म्हटलं की ऐकणारा ‘कशाच्या आत?’ असं विचारत नाही. घरात, गाडीत, देवळात असलेल्या माणसाचं ठिकाण सांगावं लागतं. तुरुंगातल्या माणसासाठी नुसतं ‘आत’ पुरतं. तरीही या एका गोष्टीसाठी मराठीत शब्दांची केवढी रास आहे! वर्तमानपत्रात आरोपी गजाआड होतो, जेरबंद होतो, पोलिस त्याच्या मुसक्या आवळतात. नाक्यावरच्या बोलीत तोच माणूस सासरी जातो, बिनभाड्याच्या खोलीत राहायला जातो, सरकारचा पाहुणचार घेतो, खडी फोडतो, चक्की पिसतो, हवा खातो. सरकारी कागदावर तो ‘बंदी’ असतो आणि कोर्टाच्या व्हरांड्यात वकील त्याच्याबद्दल ‘एमसीआरमध्ये आहे’, म्हणजे न्यायालयीन कोठडीत आहे, असं सांगतात.

या शब्दांची कुळं शोधत गेलं की दोन घराणी समोर येतात. एका घराण्यातले शब्द वस्तूंचे आहेत: लाकूड, लोखंड, दगड, दोरी. दुसऱ्या घराण्यातले शब्द घराचे आणि नात्यांचे आहेत: सासर, मामा, पाहुणा, खोली. पहिलं घराणं कोंडणाऱ्यांनी घडवलं. दुसरं घडवलं कोंडलेल्यांनी आणि त्यांच्या गल्लीतल्या माणसांनी. शब्दकोशात पहिल्या घराण्याचा मान मोठा आहे. पण तुरुंग माणसाचं काय करतो, हे दुसऱ्या घराण्याला जास्त ठाऊक आहे असं मला वाटतं.

झाडाचा बुंधा

‘तुरुंग’ हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की तो कुणाला परका वाटत नाही. तो समुद्रावरून आला. पोर्तुगीज भाषेत ‘त्रोंको’ म्हणजे झाडाचा बुंधा. लाकडाच्या जाड ओंडक्याचे उभे दोन भाग करायचे, त्यांच्या कडांना अर्धगोल खाचा पाडायच्या, खाचांत माणसाचे घोटे अडकवायचे आणि दोन्ही भाग पुन्हा मिटून कुलूप ठोकायचं, ही शिक्षा युरोपात फार जुनी. या लाकडी यंत्राला ‘त्रोंको’ म्हणू लागले आणि पुढे यंत्र ज्या जागेत असे त्या जागेलाही. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं. त्यांच्या सत्तेबरोबर हा शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि इथल्या जिभेवर त्याचा ‘तुरंग’, ‘तुरुंग’ झाला. तोच शब्द पोर्तुगीज जहाजांबरोबर मलाक्कालाही गेला आणि मलय भाषेत ‘तरुंगकू’ म्हणून राहिला. बार्देशातल्या आसगावचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांनी 1913 साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ काढला, त्यात या शब्दाचा हा पसारा नोंदलेला आहे.

शब्द नवा असला तरी कल्पना मराठीला नवी नव्हती. आपल्याकडेही गुन्हेगाराचे पाय अडकवायला भोकांचं लाकूड होतंच आणि त्याचं नाव होतं ‘खोडा’. हा शब्द ‘खोड’ या शब्दापासून आला. म्हणजे लिस्बनच्या माणसानं आणि देशावरच्या माणसानं एकमेकांना न विचारता सारखीच वस्तू घडवली आणि तिला सारखंच नाव दिलं. पुढे वाटा फुटल्या. ‘त्रोंको’ वाढत वाढत इमारत झाला. ‘खोडा’ मात्र तुरुंगातून सुटून रोजच्या बोलण्यात आला. आज कुणी कुणाच्या कामात खोडा घालतो, तेव्हा त्या लाकडात अडकलेले घोटे कुणाला आठवत नाहीत.

गोव्यात आणखी एक तुरुंगी शब्द होता, ‘आल्जुब’. चर्चच्या अखत्यारीतल्या कैदखान्याचं हे नाव. त्याचं मूळ अरबीत आहे, ‘अल् जुब्ब’ म्हणजे खोल विहीर किंवा खड्डा. दमणला पकडला गेलेला फ्रेंच वैद्य शार्ल देलों इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, कोठड्यांत जाण्याआधी गोव्याच्या याच आल्जुबात होता. त्याचं इन्क्विझिशनवरचं पुस्तक 1687 साली निघालं. त्यात या जागेच्या घाणीचं वर्णन वाचलं की कैदखान्याला विहिरीचं नाव का पडलं असेल ते कळतं.

बुंधा आणि विहीर या निर्जीव वस्तू झाल्या. पहिल्या घराण्याची आणखी एक शाखा गोठ्यातून आणि पागेतून आली आहे. ‘जेरबंद’ हा मुळात घोड्याचा साज. घोड्यानं मान उडवू नये म्हणून त्याच्या पोटपट्ट्यापासून तोंडाकडे ओढून बांधलेला चामडी पट्टा म्हणजे फारसीतला ‘झेरबंद’. आज बातमीदार सहज लिहून जातो की दरोडेखोरांची टोळी जेरबंद झाली. दोन्ही हात पाठीमागे नेऊन करकचून बांधणं म्हणजे मुसक्या बांधणं. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं, माणसाच्या पायात खोडा. या शब्दांमधून सत्तेची नजर दिसते. तिच्यासमोर कैदी हे एक अंग आहे. त्याची हालचाल थांबवायची, एवढाच प्रश्न आहे.

हवाला, हवालदार, हवालात

सुलतानी काळात तुरुंगाची भाषा फारसी आणि अरबी झाली. ‘कैद’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ बेडी, बंधन. म्हणजे पुन्हा वस्तूच. पण ‘हवालात’ची गोष्ट वेगळी आहे. अरबीत ‘हवाला’ म्हणजे सोपवणं, एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात देणं. ज्याच्याकडे काही सोपवलं आहे तो हवालदार. शिवकाळात गडाचा कारभार ज्याच्याकडे सोपवलेला असे, तो गडाचा प्रमुख हवालदार म्हणवत असे. ज्या ठिकाणी पकडलेला माणूस सोपवून ठेवतात ती हवालात. आणि एका शहरात पैसे सोपवून दुसऱ्या शहरात ते मिळवायची जी पद्धत मुंबईच्या गुन्हेगारी जगानं बदनाम केली, तीही हवाला. पैसा, त्याच्यामागे लागलेला शिपाई आणि शेवटची कोठडी ही तिन्ही एकाच धातूची लेकरं आहेत.

मराठी राज्यात वेगळ्या तुरुंगापेक्षा गड जास्त उपयोगी पडत. मोठ्या असामीला गडावर ठेवत आणि ‘अमक्याला गडावर घातला’ एवढ्यावर भागे. ठाण्याचा किल्ला या दृष्टीनं फार बोलका आहे. पोर्तुगिजांनी तो बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं जिंकलं, 1774 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि पुढे त्याच्याच भिंतीआड ठाण्याचा तुरुंग वसला. दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याला गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी इथे ठेवलं होतं. सप्टेंबर 1816 मध्ये तो पळाला. काही वर्षांनी बिशप हेबर ठाण्याला आला, तेव्हा या पलायनाची हकिगत त्यानं नोंदवली. एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार घोडा फिरवायच्या निमित्तानं कैद्याच्या खिडकीखाली गाणं म्हणत जाई आणि सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यातून वर पोचे. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी येत नव्हतं. तुरुंगाची बोली मुळात कशासाठी जन्मते, याचं इतकं चोख उदाहरण सापडणं कठीण. आतल्या माणसाला कळावं आणि पहारेकऱ्याला कळू नये, हा तिचा पहिला हेतू.

शब्दांची ये-जा एकाच दिशेनं झाली नाही. आपली ‘चौकी’ इंग्रजांनी विलायतेला नेली. जकातीचं नाकं किंवा पहाऱ्याची जागा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत तो शब्द सुरुवातीपासून आहे. सैनिक आणि खलाशी तो घेऊन घरी गेले आणि ब्रिटनमधल्या बोलीत ‘चोकी’ म्हणजे तुरुंग झाला. तिथल्या तुरुंगांत हा शब्द शिक्षेच्या एकांतकोठडीसाठीही वापरतात. रोआल्ड डालच्या 1988 सालच्या ‘मटिल्डा’ या कादंबरीतली क्रूर मुख्याध्यापिका मुलांना ज्या अरुंद कपाटात कोंडते, त्याचं नाव तेच आहे.

काळं पाणी

कंपनी सरकारनं कैद्यांना समुद्रापार पाठवायला सुरुवात केली ती 1787 च्या सुमारास, सुमात्रा बेटावरच्या बेंकूलेनपासून. मग पिनांग, मॉरिशस, सिंगापूर. तिथले रस्ते आणि सरकारी इमारती हिंदुस्थानी कैद्यांच्या श्रमांतून उभ्या राहिल्या. अंदमानची वसाहत 1858 साली, सत्तावनच्या उठावानंतर लगेच सुरू झाली. समुद्र ओलांडला की जात गेली, ही समजूत तेव्हा घट्ट होती. म्हणून ‘काळं पाणी’ या दोन शब्दांत दोन शिक्षा होत्या. देह बेटावर कोंडला जाई आणि जातीतून, पंक्तीतून, घरातून माणूस कायमचा बाहेर पडे. फाशीपेक्षा काळ्या पाण्याची भीती मोठी होती, ती यामुळे.

अंदमानातला सेल्युलर जेल 1896 ते 1906 या काळात बांधला गेला. मधल्या मनोऱ्यातून सात बाजू फुटलेल्या, प्रत्येक कैद्याला वेगळी कोठडी आणि समोर दिसणार ती पुढच्या इमारतीची पाठ. 1911 साली विनायक दामोदर सावरकर डोंगरी, भायखळा आणि ठाणे इथल्या तुरुंगांतून तिथे पोचले. दोन जन्मठेपा मिळून त्यांच्या सुटकेचं साल लागत होतं 1960. ‘माझी जन्मठेप’ हे पुस्तक 1927 साली आलं आणि अंदमान, कोलू, काथ्याकूट, दंडाबेडी हे शब्द मराठी वाचकाच्या घरात कायमचे शिरले. तोवर ‘काळं पाणी’ हा गावच्या चोरा-दरोडेखोरांच्या नशिबीचा शब्द होता. पुढे मराठी माणूस तो आदरानं उच्चारू लागला.

खडी आणि चक्की

कैद्याचं काय करायचं, याचं उत्तर काळानुसार बदलत गेलं आणि प्रत्येक उत्तरानं बोलीला एक शब्द दिला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेड्या घातलेल्या कैद्यांच्या टोळ्या रस्त्यावर काम करताना दिसत. दगड फोडून रस्त्यासाठी खडी करणं हे त्यातलं ठरलेलं काम. ‘खडी फोडायला पाठवीन’ ही धमकी तिथली. सरकारनं नेमलेल्या तुरुंग समितीनं 1838 सालच्या अहवालात बाहेरच्या कामाला नापसंती दाखवली. मेकॉले या समितीत होता. समितीचं म्हणणं असं की रस्त्यावरचा कैदी लोकांत मिसळतो, बोलतो, मोकळी हवा घेतो. त्याला भिंतीआड एकसुरी, कंटाळवाणं काम द्यावं. विलायतेत विल्यम क्युबिटनं 1818 मध्ये पायचक्कीचं यंत्र काढलंच होतं. हिंदुस्थानात त्याची जागा घेतली आपल्या जात्यानं. रोज ठरलेल्या वजनाचं धान्य दळून द्यायचं आणि कमी भरलं तर शिक्षा.

‘चक्की पिसायला गेला’ हा वाक्प्रचार तिथून आला. 1975 च्या ‘शोले’त टाकीवर चढलेल्या वीरूनं तो मोडक्या इंग्रजीत फिरवला आणि तो घराघरांत पोचला. पण त्यामागे एक बोच आहे. आपल्याकडे जातं हे बाईचं काम. पहाटे उठून दळणं हा सासुरवाशिणीच्या दिवसाचा पहिला कष्ट. पुरुषाला जात्यापुढे बसवण्यात श्रमाइतकाच अपमान मोजला जात असे. आणि ज्या घरात भल्या पहाटे, दुसऱ्याच्या हुकमानं, दुसऱ्याचं धान्य दळायला लागतं त्या घराला मराठीत काय म्हणतात, हे सांगायला नको. इथून आपण दुसऱ्या घराण्यात शिरतो.

सासर, मामा, मोठं घर

जुन्या हिंदी सिनेमातला गुंड तुरुंगाला ‘ससुराल’ म्हणायचा आणि मुंबईच्या गल्ल्यांत तो ‘सासरी गेलाय’ असं आजही ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकताना ही नुसती थट्टा वाटते. पण सासर म्हणजे काय ते आठवून पाहा. तिथे आपल्या मर्जीनं जेवायचं नाही, आपल्या मर्जीनं निजायचं नाही, आपल्या मर्जीनं माहेरी जायचं नाही. कुणी भेटायला आलं तरी बोलणं दुसऱ्यांच्या देखत. सुट्टी मिळाली तर ठरावीक दिवसांची, आणि मुदतीत परत जायचं. तुरुंगाच्या नियमांत या सुट्टीला संचित रजा आणि अभिवचन रजा म्हणतात, बोलीत फर्लो आणि पॅरोल. शतकानुशतकं घराघरांतल्या मुलींनी जे सोसलं, त्याचा शब्द पुरुषांनी आपल्या कैदेसाठी उचलला. त्यांना ठाऊक असलेली सर्वांत जवळची कैद तीच होती.

मुंबईत पोलिसाला ‘मामा’ म्हणतात. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे आणि सून सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणते. पोलिस मामा आणि कोठडी सासर, हे दोन शब्द वेगवेगळे जन्मले असतील, पण मराठी मनात ते एकमेकांशेजारी सहज बसले. ‘सरकारी जावई’ हा शब्दही याच अंगणातला. फुकट खाणाऱ्या, लाड करून घेणाऱ्या माणसाला तो लावतात, आणि तुरुंगातल्या माणसालाही.

हिंदीत ‘बडा घर’चा तुरुंग हा रुळलेला अर्थ आहे आणि कोशातही तो सापडतो. मराठीत त्याचं ‘मोठं घर’ झालं. ‘बिनभाड्याची खोली’ खास मुंबईची वाटते. ज्या शहरात दहा बाय दहाच्या खोलीसाठी आयुष्य निघून जातं, तिथे तुरुंगाच्या कोठडीचं पहिलं लक्षण ‘भाडं नाही’ हे ठरावं, यात चाळीतल्या माणसाचं सगळं अर्थशास्त्र आलं. ‘पाहुणचार’, ‘हवा खाणं’, ‘जेलवारी’ हे शब्दही तसेच. वारी म्हणजे ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा जाणं. सारखा आत-बाहेर करणाऱ्याला तो शब्द नेमका लागतो.

हे शब्द बहुतेक वेळा कैद्यापेक्षा त्याच्या घरचे वापरतात. शेजारीण विचारते, ‘तुमचा मोठा दिसला नाही बऱ्याच दिवसांत?’ आणि आई म्हणते, ‘आत आहे.’ किंवा बाप हसून म्हणतो, ‘गेलाय मामाच्या घरी.’ अब्रूवर ओढून घ्यायला एक पांघरूण लागतं, ते हे शब्द देतात.

स्वातंत्र्याच्या चळवळीत या घराण्याला वेगळंच तेज आलं. 1882 साली कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिलं. सभ्य, सुशिक्षित माणूस तुरुंगाबद्दल उजळ माथ्यानं लिहितो, ही तेव्हा नवी गोष्ट होती. 1930 नंतर सत्याग्रही हजारोंनी आत जाऊ लागले. कृष्णाचा जन्म कंसाच्या बंदिशाळेत झाला, म्हणून तुरुंगाला ‘श्रीकृष्ण जन्मस्थान’ म्हणू लागले. गांधीजींनी येरवड्याहून लिहिलेल्या पत्रांवर ठिकाण घातलं ‘येरवडा मंदिर’. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. चोराचं ‘सासर’ आणि सत्याग्रहीचं ‘मंदिर’ यांत फार अंतर नाही. कोंडलेल्या जागेला आपलं नाव द्यायचं, म्हणजे ती थोडी तरी आपली होते, ही धडपड दोघांची एकच.

माणसांची नावं शिव्या होतात तेव्हा

गुन्हेगारांची बोली सरकारनं फार बारकाईनं गोळा केली. ठगांच्या ‘रामसी’ या गुप्त बोलीचा शब्दसंग्रह इंग्रज अधिकारी स्लीमननं 1836 साली छापला. मुंबई इलाख्याचे पोलिस अधिकारी एम. केनेडी यांचं इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वरचं पुस्तक 1908 चं. ग्रियर्सनच्या भाषा पाहणीचा अकरावा खंड 1922 साली निघाला, त्यात कोल्हाटी, गारुडी, शिकलगार अशा भटक्या लोकांच्या बोली आहेत. यांतला अभ्यास मोलाचा आहे. पण पोलिसांच्या वहीत उतरलेली गुप्त बोली गुप्त राहत नाही, आणि ज्यांची ती बोली होती त्यांच्यासाठी ती लपायची शेवटची जागा होती.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मच गुन्हा ठरवला. 1911 च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा, बेरड अशा कितीतरी जमातींतल्या माणसांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. तिथे जन्मलेलं मूल गुन्हा करण्याआधीच आत होतं. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’नं आणि भीमराव गस्तींच्या ‘बेरड’नं ते आयुष्य मराठीत आणलं.

कायदा गेला, शब्द राहिले. ‘भामटा’ हे एका समाजाचं नाव आहे आणि आपण ते फसवणाऱ्या कुठल्याही माणसाला लावतो. ‘बेरड’ म्हणजे निर्लज्ज, असा अर्थ आपण निःशंक वापरतो. तुरुंगातल्या माणसानं आपल्या कैदेला दिलेली नावं त्याला जगायला मदत करतात. बाहेरच्यांनी त्याला दिलेली नावं त्याच्या नातवंडांनाही सुटत नाहीत. मराठीत लिहिणाऱ्यांनी हे दोन शब्द शिवी म्हणून वापरणं आता थांबवावं, असं मला मनापासून वाटतं.

कलमं आणि पत्ते

स्वातंत्र्यानंतर कैदेला नवी नावं कायद्यांनी दिली. आणीबाणीत अंतर्गत सुरक्षेच्या ‘मिसा’ कायद्याखाली माणसं आत गेली आणि ‘मिसाबंदी’ हे नाम तयार झालं. मग दहशतवादविरोधी ‘टाडा’ आला आणि 1995 मध्ये गेला, 1999 साली संघटित गुन्हेगारीविरुद्धचा ‘मोक्का’ आला. दृष्ट ‘लागते’ तसा मोक्का लागतो. 1981 च्या घातक कृत्यं प्रतिबंधक कायद्याला लोक ‘झोपडपट्टीदादा कायदा’ म्हणतात. कलमांचे आकडेही शब्द झाले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत खुनाच्या शिक्षेचं कलम 103 झालं आणि फसवणुकीचं 318. तरी बोलीत खून ‘तीनशे दोन’च आहे आणि ठक ‘चारसोबीस’च.

‘तडीपार’ ही उलटी कैद. 1951 च्या मुंबई पोलिस कायद्यानं, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलिस कायद्यानं, माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षं जिल्ह्याबाहेर घालवता येतं. तड म्हणजे काठ. काम ‘तडीस नेणं’ म्हणजे किनाऱ्याला लावणं, आणि माणसाला तडीपार करणं म्हणजे त्याला आपल्या किनाऱ्यापलीकडे ढकलणं. इथे सगळं जग त्याला मोकळं असतं, फक्त घर बंद.

पत्त्यांनाही अर्थ चढतात. ‘येरवड्याला पाठवा’ आणि ‘ठाण्याला पाठवा’ या दोन्ही वाक्यांत तुरुंग असतो किंवा वेड्यांचं इस्पितळ. दोन्ही गावांत दोन्ही आहेत. ‘आर्थर रोड’ हे नाव 1842 ते 1846 या काळातले मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांचं. त्या रस्त्याचं आजचं नाव साने गुरुजी मार्ग आहे, पण कैद्याच्या तोंडी आर्थर रोडच टिकलं. तिथल्या अतिसुरक्षित कोठड्यांना आकारावरून ‘अंडा सेल’ म्हणतात. अंड्याला कोपरा नसतो आणि या कोठडीतल्या माणसाला दुसऱ्या माणसाची सोबत नसते.

कच्चा आणि जामीन

या कुळातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा शब्द साधा, स्वयंपाकघरातला आहे. ज्याला शिक्षा झाली तो पक्का कैदी आणि ज्याचा खटला अजून चालायचा आहे तो ‘कच्चा कैदी’. कायद्याच्या नजरेत हा माणूस निर्दोष आहे. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती आणि त्यांतली 75 टक्क्यांहून अधिक कच्ची होती. आर्थर रोडची मान्य क्षमता बरीच वर्षं 804 होती आणि आत तीन हजारांहून जास्त माणसं राहत होती. म्हणजे ‘आत’ या शब्दाचा आजचा खरा अर्थ शिक्षा हा नाही, वाट पाहणं हा आहे. सक्तमजुरी करणाऱ्याला निदान सुटकेची तारीख माहीत असते. कच्च्याला फक्त पुढची तारीख माहीत असते.

त्याला बाहेर काढणारा शब्द आहे ‘जामीन’. अरबीत ‘जामिन’ म्हणजे हमी घेणारा माणूस. मराठीतही जुना प्रयोग ‘अमका तमक्याला जामीन राहिला’ असाच आहे. आत नेणारे शब्द लाकडाचे आणि लोखंडाचे आहेत, आणि बाहेर आणणारा हा शब्द माणसाचा आहे. पण व्यवहारात जामीन म्हणजे रक्कम झाला. सर्वोच्च न्यायालयात 1978 साली मोतीराम खटला आला, तो एका गवंड्याचा. त्याला जामीन मंजूर होऊनही दहा हजारांची हमी मागितली गेली आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाची हमी नाकारली गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट गरिबाला अन्यायकारक ठरवून मोडून काढली. 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 479 व्या कलमानुसार, फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडता येतं. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला एक तृतीयांश काळ पुरतो. कलम आहे, पण ते आपल्याला लागू होतं हे आत बसलेल्या कित्येकांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि सांगितलं तरी जामीन राहायला बाहेर कुणी उरलेलं नसतं.

म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील दर आठवड्याला तुरुंगात जाऊन कच्च्या कैद्यांची यादी तपासतो की नाही, हे आपण विचारत राहिलं पाहिजे. ज्याच्यासाठी उभं राहणारं कुणी नाही, त्याला जामीन राहायची जबाबदारी समाजाची आहे. या सगळ्या कुळकथेत माणसाला माणूस समजणारा सरकारी शब्द एकच निघाला आणि त्याचा मूळ अर्थ पुन्हा खरा करणं अजून आपल्या हातात आहे.